चौथ्या मजल्यावरचा समुद्र: पुण्यातल्या एका टँग माशाची जुनी गोष्ट

मागे बारीक घूंऽऽ असा आवाज येतोय का? एडिटमध्ये काढता आला असता, पण आज मुद्दाम ठेवलाय. जे ऐकत नाहीयेत, वाचताहेत, त्यांच्यासाठी सांगतो: पाण्याची एक धार पडतेय आणि तिच्या खाली एक मोटर गुणगुणतेय. हा माझ्या हॉलमधला पंप. चोवीस तास चालू असतो. लोकांना आवाजाने जाग येते, मला हा आवाज थांबला की येते.

पंपाच्या वर चार फुटांची काचेची टाकी. टाकीत साधारण चारशे लिटर खारं पाणी. आणि त्यात एक पिवळाधमक मासा. तळहाताएवढा, बशीसारखा चपटा, तोंड जरासं पुढे आलेलं. यलो टँग. (टँकमध्ये टँग. हो, हा विनोद आमच्या घरी करून झालाय. बऱ्याचदा.)

आता मी राहतो सिंहगड रोडला, चौथ्या मजल्यावर. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. जवळचा समुद्र बघायचा तर घाट उतरून चार तास. मग या माशाचं इथे काय काम? हा प्रश्न मला पहिल्यांदा माझ्या आईने विचारला होता. पण तो या माशाबद्दल नव्हता. त्याच्या आधीच्या माशाबद्दल होता. तर आधी ते सांगतो, मग इतिहासात जाऊ.

२०१६चा जून. 'फाइंडिंग डोरी' थिएटरला लागला होता. माझी भाची तेव्हा पाच वर्षांची. सिनेमा बघून घरी आली आणि म्हणाली, "मामा, तुझ्याकडे टाकी आहे ना, मग डोरी आण ना." माझ्याकडे तेव्हा तीन फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी होती, सहा-सात महिन्यांची. त्यात दोन क्लाउनफिश मजेत होते, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं मला वाटत होतं. डोरी म्हणजे ब्लू टँग. शास्त्रीय नाव पॅराकँथुरस हेपॅटस. हा मासा वाढून फूटभर लांब होतो आणि समुद्रात दिवसभर पोहत असतो. दुकानदाराने मला विचारलंसुद्धा होतं, "टाकी केवढी आहे?" मी म्हणालो, पाच फूट. सरळ खोटं बोललो. तो बिचारा अजून दोन प्रश्न विचारत होता आणि मी पैसे काढून उभा.

मासा एकोणीस दिवस जगला. अकराव्या दिवशी अंगावर पांढरे ठिपके दिसले, रवा भुरभुरल्यासारखे. या रोगाला मरीन इक म्हणतात. क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स नावाचा एक परजीवी असतो, तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत घुसतो. टँग माशांना हा इतर माशांपेक्षा लवकर धरतो. नवा मासा आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा असतो, हे मी वाचलं होतं. केलं नव्हतं. शेवटच्या दिवशी तो कोपऱ्यात आडवा पडून जोरजोरात कल्ले हलवत होता. भाचीला आम्ही सांगितलं की डोरी परत समुद्रात गेली. आणि आईने, मी तो मासा कुंडीत पुरत असताना, मागे उभं राहून विचारलं, "अरे, समुद्रातल्या जिवाला इतक्या वर आणलंसच कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. मी म्हणालो, "सगळेच आणतात." आई काही बोलली नाही, आत गेली.

मग मी वाचायला लागलो. हे सगळे कोण? कधीपासून आणतात? आणि खरं सांगू का, या गोष्टीत माझ्यासारखी माणसं खूप भेटली.

पहिली रोममध्ये. इसवीसनाच्याही आधी तिथल्या श्रीमंतांना खाऱ्या पाण्याची तळी बांधायचं वेड लागलं होतं. लुकुल्लस नावाचा सेनापती होता. त्याने नेपल्सजवळच्या आपल्या बंगल्यातल्या तळ्यांत समुद्राचं पाणी यावं म्हणून डोंगर फोडला. लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. मला मात्र त्याच्याबद्दल आपुलकी वाटते. कारण २०१५च्या डिसेंबरात मी दिवेआगरहून वीस-वीस लिटरचे आठ कॅन भरून पुण्याला आणले होते. बाजारचं मीठ महाग, समुद्र फुकट, असा माझा हिशोब. ताम्हिणी घाटातल्या एका वळणावर एक कॅन उलटला. गाडीला मार्च महिन्यापर्यंत ओल्या सुकटीचा वास येत होता. आणि किनाऱ्याजवळचं आपलं पाणी गढूळ, त्यात काय काय मिसळलेलं. त्या पाण्याने टाकी लागली नाही ती नाहीच. डोंगर फोडणारा निदान पाणी तरी नीट घेऊन गेला.

दुसरा रोमन क्रॅसस. इतिहासातला तो अतिश्रीमंत क्रॅसस नव्हे हं, हा वक्ता क्रॅसस, त्याच्या आधीच्या पिढीतला. याच्याकडे एक पाळलेली मोरे ईल होती, म्हणजे आपल्या वामसारखा लांबडा मासा. ती मेली तेव्हा हा माणूस रडला. त्याचा प्रतिस्पर्धी डोमिशियस याने भर सभेत टोमणा मारला की, हा बघा, माशासाठी रडणारा. त्यावर क्रॅससने त्याला सुनावलं की बाबा रे, तू तर तीन बायका पुरल्यास आणि एकदाही रडला नाहीस. दोन हजार वर्षांपूर्वीचा किस्सा आहे, पण कुंडीसमोर बसलेल्या मला त्याचा फार आधार वाटला.

पण रोमनांची तळी समुद्राकाठी होती. पाणी बदलायला समुद्रच होता शेजारी. घरात, समुद्रापासून लांब, काचेच्या चार भिंतींत खारं पाणी जिवंत ठेवणं ही बरीच अलीकडची गोष्ट. तिची सुरुवात होते एकोणिसाव्या शतकात. १८३२च्या सुमाराला सिसिली बेटावर जान व्हिलप्रू-पॉवर नावाची बाई समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करायला काचेच्या पेट्या बनवून घेत होती. ही मुळात पॅरिसमध्ये कपडे शिवणारी. पुढे इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. कर कमी झाल्यामुळे छंद जन्माला आला, असं म्हणायला हरकत नाही. १८५०मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मांडलं की पाण्यात मासे आणि वनस्पती योग्य प्रमाणात ठेवल्या तर पाणी टिकतं. १८५३मध्ये लंडनच्या झूमध्ये 'फिश हाउस' उघडलं आणि लोकांच्या रांगा लागल्या.

आणि मग येतो या सगळ्यातला माझा आवडता माणूस. फिलिप हेन्री गॉस.

गॉस निसर्गअभ्यासक होता, अतिशय धार्मिक होता आणि उत्तम चित्रकार होता. १८५४मध्ये त्याने 'द अ‍ॅक्वेरियम' नावाचं पुस्तक काढलं. त्यातली रंगीत चित्रं बघून अख्खं इंग्लंड येडं झालं. पण माझ्या दृष्टीने त्याचं मोठं काम वेगळंच आहे. लंडनमध्ये समुद्राचं पाणी किनाऱ्यावरून मागवावं लागायचं. गॉसने विचार केला, पाणी कशाला आणायचं, बनवूच की! समुद्राच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण तोवर झालेलं होतं. ते समोर ठेवून त्याने साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड असे चार क्षार गोड्या पाण्यात मिसळले आणि समुद्र तयार केला. त्यात प्राणी जगले. आज मी खडकवासल्याचं पाणी आरओमधून काढतो, लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ घालतो, पंप सोडून ढवळतो आणि दुसऱ्या दिवशी माझ्या बादलीत समुद्र असतो. ती गॉसचीच कल्पना, फक्त मिठाच्या पाकिटात आता क्षार बरेच जास्त असतात.

स्वयंपाकाच्या मिठाने का होत नाही, असं दर वेळी कोणीतरी विचारतं. समुद्र म्हणजे नुसतं खारट पाणी नाही. त्यात कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, सल्फेट आहे. घरच्या मिठाच्या पाण्यात हा मासा काही तासही नीट काढणार नाही.

गॉसची गोष्ट मात्र इथे संपत नाही. त्याच्या पुस्तकांमुळे हजारो लोक सुट्टीत समुद्रकिनारी गेले. हातात हातोडी, छिन्नी, बरणी. खडकांतल्या डबक्यांतले समुद्रफुलांसारखे नाजूक प्राणी खरवडून घरी नेले. घरी ते आठवड्याभरात मेले. मग पुढच्या सुट्टीत पुन्हा. गॉसचा मुलगा एडमंड, जो पुढे मोठा साहित्यिक झाला, त्याने १९०७च्या आपल्या 'फादर अँड सन' या पुस्तकात लिहून ठेवलंय की लहानपणी बघितलेले ते किनारे या छंदाने ओरबाडून टाकले, आणि वडिलांना याचं फार वाईट वाटायचं. म्हणजे बघा, घरात समुद्र ठेवण्याचा छंद जेमतेम एका पिढीचा झाला, तेवढ्यात त्याने स्वतःचाच किनारा रिकामा केला होता. हे वाचलं तेव्हा मी फोन खाली ठेवला. मला माझे एकोणीस दिवस आठवले.

आता आपल्याकडे येऊ. भारतात मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ साली सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बंद पडलं. मराठी माणसाला खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे दाखवले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. मरीन ड्राइव्हवर, १९५१ साली, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उद्घाटन. डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनी दोन लाख रुपये दिले म्हणून त्यांचं नाव. एकूण खर्च आठ लाखांच्या आसपास.

तुमच्यापैकी किती जणांची शाळेची ट्रिप तिथे गेली असेल! पुण्याहून पहाटे निघालेली एसटी, गेट वे, राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला. ठरलेलं पॅकेज. आमचीही गेली होती. आत अंधार, ओलसर वास, आणि भिंतीत बसवलेल्या काचांमागे उजेड. मला सगळं आठवत नाही. पण एका काचेमागे निळे, चपटे, पाठीवर पिवळी पट्टी असलेले मासे होते आणि ते माझ्या बोटामागे बोटामागे येत होते, हे स्पष्ट आठवतं. बाईंनी हाताला धरून ओढून नेलं. खूप वर्षांनी फोटो बघताना कळलं, तो पावडर ब्लू टँग असणार. शास्त्रीय नाव अ‍ॅकँथुरस ल्युकोस्टर्नॉन. याला शास्त्रात नाव मिळालं ते १८३३ साली, श्रीलंकेहून मिळालेल्या नमुन्यावरून. हा आपल्याच हिंदी महासागरातला. लक्षद्वीपला, मालदीवला प्रवाळाच्या खडकांवर यांचे थवेच्या थवे शेवाळ चरत फिरतात. गुरं चरतात ना डोंगरउतारावर, अगदी तसे.

२०१५मध्ये तारापोरवाला नव्या रूपात उघडलं, अ‍ॅक्रिलिकचा बोगदा वगैरे. मग कोविडमध्ये दारं बंद झाली ती झालीच.

सार्वजनिक मत्स्यालय वेगळं. त्याच्या समोरच समुद्र, आत इंजिनियर, पंपहाउस. घरच्या हॉलपर्यंत हे यायला अजून काही गोष्टी जुळून याव्या लागल्या. एक म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी. हसू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिथिनची पिशवी आली, त्यात थोडं पाणी, वर ऑक्सिजन, रबरबँड, आणि मासा विमानात. त्याआधी पत्र्याचे डबे होते, वजनाला जड आणि वाटेत सांडणारे. दुसरी गोष्ट, तयार समुद्री मीठ. १९६४च्या सुमाराला अमेरिकेत 'इन्स्टंट ओशन' नावाने ते पाकिटात मिळायला लागलं. आणि तिसरी गोष्ट जाकार्तामधली. तिथे ली चिन एंग नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १९६१ साली अमेरिकन मासिकात लिहून सांगितलं की समुद्रातून आणलेले जिवंत खडक टाकीत ठेवा, थोडी हवा सोडा, बाकी निसर्ग बघून घेतो. तेव्हा लोक टाक्या धुऊन धुऊन निर्जंतुक ठेवत होते आणि मासे मरत होते. ली यांचं म्हणणं बरोबर निघालं. मासा जो अमोनिया सोडतो तो त्याच्यासाठीच विष असतो. खडकांच्या छिद्रांत राहणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत नुसतं पाणी फिरवत बसायचं, मासा आणायचा नाही. ज्यांना रील स्किप करायची सवय आहे त्यांच्यासाठी हा फार अवघड छंद आहे. मीही त्यातलाच.

या जिवाणूंना सतत ऑक्सिजन लागतो, म्हणजे सतत फिरतं पाणी, म्हणजे सतत वीज. आणि इथे खास पुण्याची गोष्ट येते. २००५-०६ची महाराष्ट्रातली लोडशेडिंग आठवतेय का? तुम्ही लहान असाल. तासन् तास वीज जायची. नारायण पेठेतले एक काका मला सांगत होते, त्या काळात ते वीज गेली की सायकलच्या पंपाने नळीतून टाकीत हवा मारत बसायचे. बायको वारा घालायची मुलाला, हे माशांना. २००६मध्ये पुण्यात एक वेगळा प्रयोग झाला. उद्योगांनी आपले जनरेटर चालवून शहराची तूट भरून काढायची आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांनी बिलातून सोसायचा. याला 'पुणे मॉडेल' म्हणतात. शहरातली लोडशेडिंग थांबली. वीज धोरणाच्या अभ्यासात हे मॉडेल शिकवतात. त्यात माशांचा उल्लेख नसतो, पण काकांच्या मते पुण्यातल्या खाऱ्या टाक्या त्यानंतरच टिकायला लागल्या. मला हे पटतं.

म्हणजे काच आली, मीठ आलं, जिवाणू कळले, वीज आली. राहिला मासा. तो कुठून आला?

इथे गोष्ट जरा काळी होते. डोरीसारखे निळे टँग मुख्यतः इंडोनेशिया आणि फिलिपिन्सच्या समुद्रातून येतात. १९६०च्या दशकापासून फिलिपिन्समध्ये सायनाइड वापरून मासे पकडायची पद्धत पसरली. गोळ्या पाण्यात विरघळवायच्या, पिचकारीने खडकाच्या फटीत मारायच्या. मासा गुंगीत बाहेर येतो, आजूबाजूचं प्रवाळ मरतं. मासा वरवर ठीक दिसतो. मग तो पिशव्या बदलत बदलत दुकानात येतो, आणि कधी कधी कोणतंही कारण न दिसता काही आठवड्यांत मरतो. माझा मासा तसा पकडलेला होता की नव्हता, हे मला कधीच कळणार नाही. आणि टाकी छोटी होती ती होतीच. पण दुकानात त्या माशाकडे बघताना 'हा पकडला कसा' हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता, एवढं खरं.

पिवळा टँग मात्र हवाईचा. तिथल्या कोना किनाऱ्यावरून जगभर जायचा, त्या बेटांवरून सर्वांत जास्त जाणारा शोभेचा मासा हाच. स्थानिक लोक, पाणबुडे, पर्यटनवाले ओरडायला लागले की खडक रिकामे दिसतायत. म्हणजे गॉसच्या किनाऱ्यांचीच तक्रार, दीडशे वर्षांनंतर. १९९८मध्ये तिथे कायदा झाला आणि पश्चिम हवाईच्या किनाऱ्याचा निदान ३० टक्के भाग या मासेमारीला बंद केला. बंद पट्ट्यांत पिवळे टँग खरंच वाढले. तरी भांडण मिटलं नाही. २०१७मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पर्यावरणावरचा परिणाम तपासल्याशिवाय परवाने देता येणार नाहीत, आणि २०२१पासून तिथली ही धंदेवाईक पकड थांबली. पिवळ्या टँगच्या किमती जगभर भडकल्या.

आपल्याकडे २००१मध्ये खडक बांधणारं प्रवाळ, समुद्रघोडे वगैरे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेले. आपल्या समुद्रातलं प्रवाळ उचलून टाकीत ठेवणं गुन्हा आहे, वाघाच्या कातड्याच्याच यादीतला. ली चिन एंग यांचा जिवंत खडक म्हणूनच माझ्या टाकीत नाही, कोरडा दगड आहे. मग मे २०१७मध्ये केंद्राने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी कडक नियम काढले, त्यात क्लाउनफिशसकट १५८ जातींचे मासे ठेवायला मनाई होती. दुकानदारांत खळबळ. गंमत म्हणजे तेव्हा सगळा देश त्याच दिवशी निघालेल्या गुरांच्या बाजाराच्या नियमांवर भांडत होता, माशांकडे कोणाचं लक्षच नव्हतं. वर्ष संपायच्या आत ते नियम मागे घेतले गेले. मला विचाराल तर त्या यादीत चूक होती, कारण क्लाउनफिशची पैदास आता भारतातच होते, आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती करून दाखवलीय. माझे दोन्ही क्लाउनफिश टाकीतच जन्मलेले. पण त्या नियमांमागचा प्रश्न, आईचाच प्रश्न, चुकीचा नव्हता.

मग टँगची पैदास का नाही? क्लाउनफिश दगडावर अंडी घालतो, राखण करतो, पिल्लं बऱ्यापैकी मोठी निघतात. टँग अंडी उघड्या पाण्यात सोडून देतो. त्यातून निघणारी पिल्लं धुळीच्या कणाएवढी. ती कित्येक आठवडे खुल्या समुद्रात तरंगत असतात आणि त्यांना खायला त्यांच्याहूनही बारीक जीव लागतात. माणसाला हे जमलं कधी, माहितीय? पिवळा टँग, २०१५च्या ऑक्टोबरात, हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये. आणि निळा टँग, म्हणजे डोरी, २०१६च्या जुलैमध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. हो, त्याच उन्हाळ्यात. माझा मासा मरत होता त्याच सुमाराला तिकडे पहिली मूठभर निळी पिल्लं मोठी होत होती. घरात समुद्र बनवायला माणूस १८५४मध्ये शिकला. त्या समुद्रात टँग जन्माला घालायला त्याला आणखी १६१ वर्षं लागली. मधल्या काळात कोणाच्याही घरात दिसलेला प्रत्येक टँग कोणत्या तरी खडकावरून उचलून आणलेला होता.

सिनेमानंतर निळ्या टँगची मागणी प्रचंड वाढली, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. पुढे संशोधकांनी आकडे तपासले तर लोकांनी नेटवर शोधलं भरपूर, पण अमेरिकेतली आयात वाढल्याचं काही दिसलं नाही. म्हणजे माझ्यासारखे कमी होते. याचं मला बरंही वाटतं आणि लाजही वाटते.

आता हा पिवळा. २०१६नंतर मी ठरवलं होतं, टँग नाही. २०१९मध्ये ऑफिसमधला एक मित्र जर्मनीला निघाला. त्याच्याकडे हा मासा होता, २०१४मध्ये घेतलेला. तो म्हणाला, "तू नाही घेतलास तर दुकानात परत देतो." दुकानात परत म्हणजे आणखी एक पिशवी, आणखी एक छोटी टाकी. मी तीन आठवडे मागितले. चार फुटांची टाकी बनवून घेतली, खाली लोखंडी स्टँड, एक इन्व्हर्टर. सोसायटीत विचारून आलो की स्लॅबला इतकं वजन चालेल का. बादलीतून मासा काढताना त्याने मला कापलं. टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक पांढरं पातं असतं, ऑपरेशनच्या चाकूसारखं, म्हणून इंग्रजीत या कुळाला सर्जनफिश म्हणतात. बोटाला दोन टाके पडले. आई म्हणाली, बरं केलं त्याने.

मग आला मार्च २०२०. पंधरा दिवसांनी पाणी बदलायचं असतं आणि मीठ परदेशातून येतं. एप्रिलच्या मध्यात माझ्याकडे दोन किलो उरलं होतं. कुरिअर बंद. मी खाणं निम्म्यावर आणलं, पाणी बदलणं लांबवलं, रोज नायट्रेट मोजत बसलो. गॉसची कृती खरं तर तेव्हाच शोधली, शेवटचा उपाय म्हणून. मेडिकलमधून एप्सम सॉल्ट आणून ठेवलं, बाकीचे दोन क्षार मिळेनात. मे महिन्यात पाकीट आलं. दारात सॅनिटायझर मारून आईने ते खोकं आत घेतलं आणि म्हणाली, "आलं बाई एकदाचं मीठ त्याचं." त्याचं. मी काही बोललो नाही, पण ऐकलं.

हवाईच्या समुद्रात पिवळे टँग चाळीस वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. कानातल्या हाडावरची वर्तुळं मोजून वय काढतात, झाडासारखं. म्हणजे हा मासा, जर मी घोळ घातला नाही तर, माझ्या निवृत्तीनंतरही पोहत असेल. २०१४मध्ये बाजारात येणारे पिवळे टँग जवळजवळ सगळे हवाईचे असायचे, तेव्हा हाही कोनाच्या कुठल्या तरी खडकावरचा असणार. त्याला परत नेता येत नाही. आपल्या समुद्रात सोडता येत नाही, सोडूही नये, तो इथला नाही. तो आता फक्त या चारशे लिटरचा आहे.

भाची यंदा दहावीला. अभ्यासाला म्हणून इथे येते आणि टाकीसमोर बसते. मागच्या महिन्यात तिने सहज विचारलं, "मामा, डोरी समुद्रात नव्हती ना गेली?" मी तिला सगळं सांगितलं, पाच फुटांचं खोटंसुद्धा. ती म्हणाली, "मला माहीत होतं. कुंडी हलवलेली होती." नंतर तिने मला एक गोष्ट दाखवली जी इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती. रात्री दिवे बंद केल्यावर या माशाचा पिवळा रंग फिका पडतो आणि अंगावर मधोमध एक पांढरी रेघ उमटते. दिवा लावला की काही मिनिटांत पुन्हा पिवळाधमक. ती मोबाइलचा टॉर्च हाताने झाकून बघत होती, त्याला त्रास नको म्हणून.

बरं, साडेसात वाजलेत. त्याची खायची वेळ. सुशीला गुंडाळतात तो नोरीचा कागद असतो ना, समुद्री शेवाळाचा, त्याचा तुकडा क्लिपने काचेला लावायचा. उशीर झाला की तो काचेपाशी येऊन उभा राहतो आणि माझ्याकडे बघतो. आत्ताही बघतोय. पंपाचा आवाज आता जरा मोठा येईल तुम्हाला, मी माइक घेऊन टाकीकडेच चाललोय.